सुरेशच्या अंगावरचे निळे डाग

माझ्या धाकट्या भावाला, सुरेशला, त्याच्या मेव्हण्यानं मारलं, असं मी पोलिसांना सांगितलं. गल्लीत सगळ्यांसमोर सांगितलं. ते खोटं होतं, हे शवविच्छेदनानंतर कळलं.

आम्ही वडगावचे विणकर. मरणाच्या दोन दिवस आधी मागावरून आडवं सूत नेणारा लाकडी धोटा उडून सुरेशच्या कपाळाला लागला. मागावर असं होतंच. हळद लावली, माग चालू केला. डोकं दुखतंय म्हणाला, तर मीच खिशातली गोळी दिली. तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या; दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. अंगावर निळे डाग होते. आठवड्यापूर्वी मेव्हण्याशी त्याचं वाजलं होतं. मी दोन्ही जोडून टाकलं. धोट्याचं बोललोच नाही.

शवागाराबाहेर येरझाऱ्या घालत होतो. डॉक्टर आले. "कवटीला तडा नाही. पण मेंदूच्या आवरणाखाली खूप रक्त साकळलंय. गुडघ्यांचं आतलं अस्तर गंजासारखं तांबूस झालंय, तिथं वर्षानुवर्षं रक्त झिरपत होतं. डाग मारहाणीचे वाटत नाहीत. हिमोफिलियाचा संशय आहे. सुरेशच्या मुलीचं रक्त तपासा."

हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक जन्मापासून कमी असणं. बापाचा हा दोष मुलीकडे जातोच. तिच्या रक्तातही तो घटक कमी निघाला.

ते गुडघे डोक्यातून जाईनात. सुजले की मी म्हणायचो, "सुऱ्या, काम निघालं की बरं सुजतंय रं तुझं!"

"गुडघ्याला पण मालक आल्यालं कळतंय, अण्णा," असं हसून तो लंगडत मागावर जायचा.

तुमच्या घरात कुणाला विनाकारण डाग पडत असतील, सांधे सुजत असतील, तर रक्त तपासून घ्या. डोक्याला लागलं तर थांबू नका. मनानं गोळी देऊ नका. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

ठाण्यात जाऊन जबाब बदलला. मग रिपोर्ट घेऊन अनगोळला गेलो. भावजय भारती तिथं माहेरी होती. तिचा भाऊ, म्हणजे तोच मेव्हणा, म्हणाला, "माझं हात बघायला आलासा व्हय?"

भारतीनं रिपोर्टला हात लावला नाही. "अण्णा, गल्लीत बोललासा न्हवं? तितंच सांगा."

आमच्या गल्लीत मागांच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. दारोदार फिरून माग थांबवायला लावले. लोक बाहेर आले. भारती भावाशेजारी उभी होती.

"मेव्हण्यानं हात लावला न्हवता," मी म्हणालो. "धोटा लागल्यालं मला ठाऊक हुतं. मी सांगितलं न्हाय. भारती, माझं चुकलं. मला माफ कर."