निळ्या पेन्सिलीचं वर्तुळ

थर्मामीटर झटकता झटकता लांजेवारबाई पेशंटला विचारायच्या, "रात्री झोप येते का वं? जेवन गोड लागते का? जीवाचा कंटाया तं नाई आला?" खोकला असो की खरूज, हे तीन प्रश्न कोणाला चुकले नाहीत. लकडगंजच्या मागच्या वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी केसपेपर लिहिणारा बाबू. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट.

झोप उडालेली असेल तर बाई केसपेपरच्या मागच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने अर्धं वर्तुळ काढायच्या. जीव नकोसा झालेला असेल तर पूर्ण. पूर्ण वर्तुळवाल्याला त्या एका दिवसाच्या वर गोळ्या देऊ देत नसत. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तर दुपारी छत्री घेऊन स्वतः त्याच्या घरी जायच्या.

डॉक्टरांना याची चीड होती. "बाई, हा दवाखाना आहे, कीर्तन नाही. रांग बघा." रांगेचा त्यांना मोठा कळवळा, कारण बाराच्या ठोक्याला त्यांना स्वतःचा खासगी दवाखाना उघडायचा असे.

"तापाले थर्मामीटर आहे साहेब," बाई म्हणायच्या. "याले विचाराच लागते."

हातमागासाठी सुताच्या कांड्या भरणारी रुखमा वर्षभर डोकेदुखी घेऊन येत होती. माग बंद पडले, नवरा कोराडीला कामाला गेला, तिची डोकेदुखी चालूच. आम्ही तिला हसायचो, मीही. बाईंनी विचारलं तेव्हा ती सगळ्यांदेखत रडली. पूर्ण वर्तुळ. मग रोज यायची, एक गोळी घ्यायची, बाईंच्या स्टुलाशी दहा मिनिटं बसायची. दोन महिन्यांनी ती हसताना दिसली.

तेवढ्यात दवाखान्याची सरकारी तपासणी लागली. "मागची ती चित्रं मला नकोत," डॉक्टरांनी बजावलं. बाई भाचीच्या लग्नाला उमरेडला गेल्या होत्या. मी तीन दिवस बसून सगळे केसपेपर नव्याने उतरवले. माझं अक्षर सुरेख होतं आणि त्याचा मला माज होता. वर्तुळांचा अर्थ मला पक्का ठाऊक होता, तरी मी मागची बाजू कोरी सोडली. जुने कागद बंबात गेले.

चौथ्या दिवशी रुखमा नेहमीसारखी आली. डॉक्टरांनी मागून कोरा असलेला तिचा पेपर पाहिला, पंधरा दिवसांच्या झोपेच्या गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "रोज रोज कशाला येतेस?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढचं नाव पुकारलं.

त्या गोळ्या तिने एकाच दिवशी घेतल्या. बाई परतल्या तेव्हा तिला जाऊन तीन दिवस झाले होते.

तपासणीच्या शेऱ्यात लिहून आलं होतं, 'नोंदी अत्यंत नीटनेटक्या.' आजही ते शब्द आठवले की माझं डोकं भणभणतं. बाईंनी तिचा कोरा पेपर डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. "थे मले सांगून राहिली होती, मी तुमाले लिहून राहिली होती. काहून पुसलं?"

डॉक्टर म्हणाले, "दवाखान्याला काही शिस्त असते." महिन्याभरात बाईंची कामठीला बदली झाली. तीही शिस्तीसाठीच. कोणी हूं की चूं केलं नाही. त्या 'कोणी नाही'मध्ये मीही होतो.

त्या महिन्यात बाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. शेवटच्या दिवशी पिशवी घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या. शिव्या खायची माझी तयारी होती, हक्कच होता तो त्यांचा. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"बाबू, रात्री झोप येते का गा तुले?"

"येते," मी म्हणालो.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि स्टूल ओढलं.

"बाई, तुमची बस जाईल."

"जाऊ दे," त्या बसत म्हणाल्या. "खरं सांग."