पोल्ट्रीवाल्या बाई

बाईंसमोर ‘छंद’ हा शब्द काढायची सोय नव्हती. एखादी आई कौतुकानं म्हणाली, की आमच्या पोरीला चित्रांचा लय छंद आहे, की बाई चष्मा काढून ओढणीनं पुसायला लागत. मग शांतपणे सांगत, “छंद सुट्टीच्या दिवशी करतात. ही रोज करते. कामाला काम म्हणा.” आईला काही कळत नसे, पण पोरगी ताठ बसलेली असे.

मावळातल्या पोरांना कला शिकवणाऱ्या बाईंच्या संस्थेला रजिस्टर केलेलं भारदस्त नाव होतं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. कार्ल्याच्या अलीकडे बंद पडलेल्या पोल्ट्रीची लांबलचक शेड बाईंनी भाड्यानं घेतली होती, म्हणून त्या पंचक्रोशीत पोल्ट्रीवाल्या बाई झाल्या. पावसाळ्यात भिंतींना ओल आली की कोंबड्यांचा वास परत यायचा, आणि आम्ही उदबत्त्या लावून तालमी करायचो. बाई मूळच्या तळेगावच्या. शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून त्यांनी हे मांडलं होतं. घरात त्या एकट्याच होत्या.

शिकवायला पुण्याहून कलावंत यायचे. पण बाईंच्या लेखी ते अर्धंच काम होतं. शिकलेल्या पोरानं त्यावर जगायचं कसं, हे उरलेलं अर्धं त्या स्वतः शिकवत. आपल्या कामाचे फोटो कसे काढायचे, करारावर सही करण्याआधी काय वाचायचं, आयोजकाशी फोनवर कसं बोलायचं. दर मंगळवारी ‘नाही’चा तास असे. बाई खुर्चीत बसून कधी सरपंच व्हायच्या, कधी हॉटेलचा मॅनेजर. “अगं, जेवण देतो की. चार लोक बघतील, तुझंच नाव होईल,” असं गोड बोलायच्या, आणि समोरच्यानं नकार द्यायचा. भिंती रंगवणारी वैशाली नकार देताना दर वेळी हसायची. बाई म्हणायच्या, “हसून नाही म्हटलंस की समोरच्याला ते हो ऐकू येतं. परत.”

मी तिथे हलगी शिकायला जात होतो, घरी न सांगता. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातली हलगी इंद्रायणीत सोडून दिली होती. त्याआधी गावात कुणाची तिरडी निघाली, कुणाच्या दारात लग्न असलं, की सांगावा यायचा, आणि वाजवायला जावंच लागायचं. बाबा नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत लागले, पक्कं घर झालं, तरी टीव्हीवर हलगी वाजली की ते चॅनेल बदलायचे.

त्यांना ते कळलं. ड्यूटी संपवून कंपनीच्या कपड्यांतच सरळ शेडवर आले. बाईंनी खुर्ची दिली. बाबा टेकले आणि म्हणाले, “बाई, माझ्या बापानं ते वाजवणं सोडलं, म्हणून आमी माणसात आलो. पोराला परत कुणाच्या दारात उभं करू नका.”

बाईंनी कलेबिलेविषयी काही ऐकवलं नाही. त्या म्हणाल्या, “दारात नाही, मंचावर उभा करीन. कुणाच्या दारात तो वाजवणार नाही, हा माझा शब्द.” बाबांनी मान डोलावली. त्यानंतर घरात हलगी आली. ती माझ्या खोलीत असायची, आणि बाबा त्या खोलीत येत नसत.

मग शेडच्या मालकानं जागा विकली. तिथे बंगले होणार होते. बाईंनी त्याला दोष दिला नाही, पण त्या दिवसापासून त्या घाई करायला लागल्या. चालताना, जेवताना, बोलतानाही घाई. जागेसाठी त्यांनी सारं मावळ पालथं घातलं. बंद पडलेली शाळा मागितली, तर तिथे गोदाम झालेलं. एका गावानं समाजमंदिर देऊ केलं आणि पोरी नाचणार म्हटल्यावर परत घेतलं. कंपन्यांमध्ये गेल्या. तिथले साहेब चहा पाजायचे आणि म्हणायचे, संगणक शिकवत असाल तर बघू. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. गेटबाहेर आल्यावर त्या दुभाजकाच्या कट्ट्यावर मटकन बसल्या. छातीवर हात होता. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं, ते त्या जागा मिळेपर्यंत पुढे ढकलत होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी रिक्षा बघतो म्हणालो. त्या म्हणाल्या, “रिक्षा नको. अजून कुठे जाता येईल ते सांग.”

तोवर आमच्यातले दोघे कंपनीत चिकटले होते, आणि वैशालीचं लग्न ठरवायला पाहुणे येऊ लागले होते. बाई प्रत्येकाच्या घरी जायच्या, उंबऱ्यात उभ्या राहून म्हणायच्या, थोडे दिवस थांबा. कशाच्या भरवशावर, हे त्यांना सांगता यायचं नाही.

शेवटी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टनं मागच्या बाजूचा मोठा हॉल देऊ केला, फुकट. अट एकच होती. शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्या आल्या की गेटवर पोरांनी फेटे बांधून स्वागत करायचं. त्यांना हलगी हवीच होती.

बाईंनी मला बाजूला नेलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “राहुल, मी शब्द मोडतेय. फक्त दुसरी जागा मिळेपर्यंत. तुला नको असेल तर तसं सांग.”

त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी हो म्हणालो.

पुढचे काही आठवडे मी त्या गेटवर वाजवलं. गाडीची काच खाली व्हायची, मोबाईल बाहेर यायचा. एकदा एकानं उतरून माझा फेटा स्वतःच्या डोक्यावर घातला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि बायकोला शूटिंग करायला लावलं. वाजवणं थांबलं तेव्हा त्यानं मला चुटकी वाजवून खुणावलं. मी वाजवायला लागलो. बाई खांबाला टेकून बघत होत्या.

तो व्हिडिओ फिरत फिरत बाबांच्या कंपनीच्या कँटीनपर्यंत पोचला. कुणीतरी कौतुकानंच त्यांना दाखवला असेल. घरी येऊन त्यांनी फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला.

“ह्यो तूच ना?”

मी होय म्हणालो. ते हात धुऊन बाहेर जाऊन बसले.

मी बाईंना सांगितलं. त्याच दुपारी त्यांनी मॅनेजरला गेटवरचा कार्यक्रम बंद म्हणून कळवलं, आणि संध्याकाळच्या आत आमचं सगळं सामान रस्त्याच्या कडेला आलं. कॅनव्हास, घुंगरं, वैशालीचे रंगाचे डबे. त्यावर ताडपत्री टाकून बाई आमच्या घरी आल्या. पडवीत बाबांसमोर उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

“मी शब्द मोडला,” त्या म्हणाल्या.

बाबा म्हणाले, “तुमी मोडला, पर पोरगं बी न्हाई म्हणलं न्हाई. तुमी तर त्यांस्नी न्हाई म्हणायला शिकवता म्हणं.”

“सगळ्यांना म्हणायला शिकवलं,” बाई म्हणाल्या. “मला ‘नाही’ कसं म्हणायचं, ते शिकवायचं राहिलं.”

आईनं चहा आणला. बाबांनी बाईंच्या हातातला कप घेऊन कट्ट्यावर ठेवला आणि त्यांना हाताला धरून बसवलं.

संस्था उठली ती तिथेच. सामान तळेगावात बाईंच्या दोन खोल्यांत गेलं, आणि त्यात त्यांना झोपायला जेमतेम जागा उरली. ऑपरेशनला आता कशाचीच आडकाठी नव्हती, पण त्यांचं मनच उडालं होतं. भेटायला गेलो की विचारायच्या, कुणाला काम मिळालं, कुणाचं सुटलं. वैशालीचं लग्न झालं हे ऐकून म्हणाल्या, “रंग घेऊन गेली का?” मी माहीत नाही म्हणालो. हिवाळा संपता संपता बाई गेल्या.

बातमी कळली तशी शेडमधली सगळी पोरं तळेगावात जमली, काही कंपनीतून परस्पर आली होती. बाईंचे भाऊ बाहेरगावाहून आले होते. तयारी चालली असताना पोरांपैकी एकानं माझा दंड धरला. डोळे सुजलेले होते त्याचे. म्हणाला, “हलगी आण. बाईंना वाजवत नेऊ. त्यांना आवडलं असतं.” दुसऱ्यांनीही माना डोलावल्या. भाऊही म्हणाले, हरकत नाही.

मी म्हणालो, “नाही. मयतापुढे मी वाजवणार नाही.”

कुणी आग्रह केला नाही. बाबा फाटकाशी उभे होते. ते येतील असं मला वाटलंही नव्हतं. तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा ते पुढे आले, चपला काढल्या आणि बाईंच्या भावाला विचारलं, “मी खांदा देऊ का?”

भावानं सरकून जागा करून दिली.

आजोबांच्या काळी गावात तिरडी निघाली की आमची माणसं पुढे वाजवत चालायची, तिरडीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. त्या दुपारी आम्ही सगळे मुकाट चाललो होतो. वाटेत पोरं आळीपाळीनं पुढे होत होती, मीही गेलो. बाबांनी मला मानेनंच मागे सारलं, आणि स्मशान येईपर्यंत खांदा बदलू दिला नाही.