चार नंबरचा भोंगा

पडद्यावर वाघीण दिसते आहे, भोंगा वाजवायचं बटण तुमच्या हाताखाली आहे, आणि कामाचा नियम सांगतो की हात लावायचा नाही. तुम्ही काय कराल?

लगेच उत्तर देऊ नका. माझं लगेचचं उत्तर चुकीचं निघालं असतं.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर आहे. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या कंट्रोल रूममध्ये सकाळची शिफ्ट करते. कंट्रोल रूम म्हटलं की लोकांना रॉकेट आठवतं. आमच्याकडे काही पडदे आहेत, एक गळका एसी आहे आणि खुर्च्यांपैकी एकच धड बसण्यासारखी. पडद्यांवर मात्र जंगल दिसतं. गडचिरोली जिल्ह्यातलं, कुरखेड्याच्या पुढचं. मी मूळची नागभीडची. जे जंगल घरापासून एका बसच्या अंतरावर होतं, ते बघायला मी पुण्यात नोकरी धरली.

प्रयोग असा होता. गावाच्या कडेला, जंगलात जाणाऱ्या वाटांवर, खांबांवर पेट्या बसवलेल्या. प्रत्येक पेटीत कॅमेरा, मोडेम, वर सोलर पॅनल, खाली जंगलाकडे तोंड करून भोंगा. वाघ समोर आला की कॅमेरा ओळखतो, पुण्याला कळवतो, आणि भोंग्यातून माणसांचा गलका, कुत्र्यांचं भुंकणं असा आवाज सुटतो. त्यानं वाघ मागे फिरतो का, ते बघायचं. आवाज पुण्यातच रेकॉर्ड केलेला. पहिल्यांदा वाजला तेव्हा गाव पोट धरून हसलं. "भोंग्यातला माणूस वाघाले अहो-जाहो करून राह्यला," असं देवाजीभाऊ मला फोनवर म्हणाले. देवाजीभाऊ म्हणजे तिथल्या ग्रामसभेचे अध्यक्ष. पॅनलवरचा पाला काढणं, काच पुसणं ही कामं त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली होती.

आता यातली मेख. वाघ दिसला की दर वेळी भोंगा वाजत नसे. सॉफ्टवेअर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. कधी वाजवायचं, कधी गप्प राहून नुसतं रेकॉर्डिंग करायचं. गप्प राहण्याच्या खेपेला आम्ही 'कंट्रोल रन' म्हणतो. हा वेडेपणा नाही. तापावर औषध दिलं आणि ताप उतरला, पण तो तसाही उतरणार होता का, हे कसं कळणार? काही जणांना औषध न देताच बघावं लागतं. वाघही कित्येकदा आपला आपण परत जातो. भोंग्याचा गुण कळायचा तर भोंगा अधूनमधून गप्प ठेवावाच लागतो. विज्ञान म्हणून यात खोट नव्हती. आजही मी तसं म्हणत नाही.

त्या सकाळी उजाडत असताना चार नंबरच्या पेटीचा अलर्ट आला. वाघीण. पडद्याखाली करडी पट्टी उमटली: सायलेंट. म्हणजे या खेपेला भोंगा गप्प.

तिथलं नेटवर्क असं की चित्र चालत नाही, उड्या मारतं. एका फोटोत वाघीण उभी, पुढच्यात बसलेली. मधलं आपण समजून घ्यायचं. ती वाटेतच बसली होती, गावाकडे पाठ आणि नाल्याकडे तोंड करून. कशाची तरी वाट बघावी तशी.

एप्रिल महिना होता. मोहाची फुलं गळायचे दिवस. झुंजुमुंजू झालं की बायका टोपल्या घेऊन मोहाच्या झाडांखाली वाकलेल्या असतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

सायलेंट रन मोडून भोंगा वाजवायची सोय होती. तिला ओव्हरराइड म्हणतात. पण नियम होता: माणूस त्याच फ्रेममध्ये दिसला, तरच. फ्रेममध्ये माणूस नव्हता. मी सरांना फोन लावला. सर म्हणजे या प्रोजेक्टचे प्रमुख. फिरायला बाहेर पडलेले असावेत, दम लागलेला होता.

"सर, चार नंबरवर वाघीण आहे. बसून आहे. रन सायलेंट आलाय."

"फ्रेममध्ये कोणी आहे?"

"नाही. पण मोहाचा सीझन आहे. बायका असतील जवळपास."

"असतील की आहेत?"

"दिसत नाहीत."

"हे बघ सुजाता, तुला भीती वाटली तिथे वाजवला आणि नाही वाटली तिथे नाही वाजवला, तर शेवटी आपल्या हातात काय राहील? तुझी भीती. डेटा नाही." मग म्हणाले, "माणूस दिसला की वाजव. मला विचारायला थांबू नकोस."

सर वाईट माणूस नाहीत. हे मुद्दाम लिहिते आहे. मी बुद्धविहारातल्या निषेधाच्या पत्रकांवर वाढले. पत्रकात दोषी कोण, ते पहिल्याच ओळीत कळतं. इथे मला ती पहिली ओळ सापडत नव्हती.

मी देवाजीभाऊंना फोन लावला. गावात रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर मिळते. लागेना. पुन्हा लावला. एक हात माऊसवर होताच. आता नाही लागला तर दाबायचं, असं ठरवलं, आणि त्यांनी उचलला.

"देवाजीभाऊ, बायका कुठी हायेत?"

"मोहाले गेल्या ना. आमची सगुणा भी गेली. काऊन?" सगुणाबाई म्हणजे त्यांची बायको.

"चार नंबरच्या भोंग्यापाशी वाघीण बसून हाये."

ते हसले. खरंच हसले. "काय मजाक करून राह्यली पोरी सकाळीच? भोंगा कुठी वाजला? भोंगा नाई वाजला म्हंजे वाघ नाई."

इतके दिवस मी करडी पट्टी बघत होते. ती पट्टी गावात कशी ऐकू येते, हे मला पहिल्यांदा कळलं. आमच्यासाठी गप्प भोंगा म्हणजे नोंद. त्यांच्यासाठी गप्प भोंगा म्हणजे 'जा, वाट मोकळी आहे'.

"भाऊ, मले समोर दिसून राह्यली थे. मी आता भोंगा वाजवतो."

"थांब!" ते ओरडले. "वाजवू नको. कोन्या अंगाले हाये थे? भोंग्याच्या समोर?"

"समोरच. नाल्याकडे तोंड करून."

"मंग बायका नाल्याच्या पल्याड हायेत. तू इकून वाजवशील तर थे पळून जाईन कुठी? सगुणीच्या अंगावर."

मी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. भोंगा वाघाला गावापासून दूर ढकलायला बनवलेला होता. माणसं गावात असतात, हे आम्ही धरूनच चाललो होतो. मोहाच्या दिवसांत गाव गावात नसतं.

"आमी बोडीकडून जातो," ते म्हणाले. बोडी म्हणजे तळं. "तू नजर ठेव. उठली तं फोन कर. नाई, फोन नाई लागन. ऱ्हाऊ दे." फोन कटला.

पुढचा वेळ कसा गेला ते सांगण्यासारखं काही नाही. मी पडद्याकडे बघत बसले. एका फोटोत वाघिणीचे कान वळले होते. दुसऱ्यात ती उठली होती. तिसऱ्यात नुसती वाट. मोकळ्या वाटेचा फोटो बराच वेळ पडद्यावर राहिला. एसीचं पाणी बादलीत पडत होतं. शिफ्ट संपली, बदलीचा मुलगा आला, मी उठले नाही.

फोन आला तेव्हा देवाजीभाऊंचा आवाज बसलेला होता. ते आणि गावातली बाप्ये माणसं बोडीच्या बाजूनं वळसा घालून नाल्याच्या पलीकडे गेले. डबे बडवले, 'पुल्ली, पुल्ली' असा ओरडा केला. पुल्ली म्हणजे गोंडीत वाघ. बायका एका ठिकाणी जमल्या आणि लांबच्या वाटेनं घोळक्यानं परत आल्या. वाघीण नाल्यानं खाली निघून गेली. पळताना सगुणाबाईचा पाय मुरगळून चांगला सुजला. टोपल्या तिथेच राहिल्या.

"भोंगा बिघडला का?" त्यांनी विचारलं.

हो म्हणाले असते तर विषय मिटला असता. "नाई बिघडला," मी म्हणाले. "थो गप्पच राहणार होता. कधी वाजवाचं, कधी गप्प राहाचं, हे मशीन ठरवते. चिठ्ठी टाकल्यासारखं."

मग ते म्हणाले, "चिठ्ठीत नाव कोणाचं होतं?"

मी त्या रनची नोंद उघडली; तिथे फक्त पेटीचा नंबर होता.

"आमाले कोणी सांगतलं नाई हे. भोंगा लागला म्हणून आमी पाळीची काठी बंद केली ना, पोरी."

ही काठी काय, ते त्यांच्याकडूनच कळलं. मोह आणि तेंदूपानाच्या दिवसांत रोज पाळीच्या घरातली दोन माणसं बायकांच्या पुढे जंगलात जात. हातात काठी आणि डबा. वाटा, नाला, झाडांचा बुंधा न् बुंधा बघून येत. मग बायका निघत. संध्याकाळी काठी पुढच्या घराच्या दाराला टेकवून ठेवायची. ज्याच्या दारात काठी, त्याची उद्याची पाळी. कंटाळवाणं काम, मजुरी बुडवणारं. भोंगा आला आणि गावानं सुटकेचा श्वास टाकला. एवढं मोठं यंत्र, पुण्याहून चालणारं. मग आपण कशाला पायपीट करायची? आम्ही कोणीही त्यांना काठी ठेवून द्या असं सांगितलं नव्हतं. काठी आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी तो रन यादीतून काढायला सांगितला होता, कारण माणसांनी मध्ये येऊन वाघ हलवला.

"सर, भोंगा कधी कधी गप्प राहतो, हे गावाला सांगितलं होतं का?"

"प्रयोग आहे, असं सांगितलं होतं."

"प्रयोग म्हणजे काय, ते?"

"सगळं सांगितलं तर ते वागणूक बदलतील. मग डिझाइनच कोसळतं."

"त्यांनी बदललीय सर. भोंगा आला त्या दिवशीच बदललीय." मी काठीचं सांगितलं.

त्यांनी त्या रनचे फोटो पुन्हा उघडले. मग म्हणाले, "वाजवला असता तर काय झालं असतं, हे कळलंय ना तुला? प्रोटोकॉल पाळल्यानं वाचली ती बाई."

"प्रोटोकॉलनं नाही वाचली. फोन लागला म्हणून वाचली."

"जा तू," ते म्हणाले. "सांग त्यांना. पण मी पाठवलं, असं म्हणू नकोस."

नागभीडला घरी एक रात्र काढली, वडशावरून कुरखेडा, तिथून पुढे देवाजीभाऊंची मोटरसायकल. ग्रामसभा समाजमंदिरात भरली. मी उभी राहून सगळं सांगितलं. तापाच्या औषधाचं उदाहरणही दिलं. उदाहरण सगळ्यांना कळलं. तेच वाईट झालं.

सगुणाबाई पाय लांब करून भिंतीला टेकून बसल्या होत्या. "म्हंजे आमाले औषध नाई दिलं," त्या म्हणाल्या. "अन् पाहत बसले, मरते का जगते."

"वाघावर प्रयोग होता, बाई."

"वाघाले विचारलं होतं का? त्याले नाई विचारलं, आमाले भी नाई विचारलं. मंग आमी अन् थो एकाच रांगेत."

मागून एक म्हातारा म्हणाला, "वाघाले तरी अहो-जाहो केलं!" हशा पिकला. मी पण हसले, आणि हसताना डोळे भरून आले, म्हणून खाली बघितलं. कोणीतरी म्हणालं, "तू तं नागभीडची, आपल्याच इकडली. तुले तरी समजाले पाह्यजे होतं." यावर हशा झाला नाही.

या गावात ठराव बहुमतानं होत नाही. सगळ्यांचा होकार येईपर्यंत बोलत राहायचं. ऊन कलेपर्यंत बोलणं चाललं. शेवटी ठरलं ते असं: पेट्या राहू द्या. पण वाघ दिसला की आधी गावाला फोन. भोंगा वाजवायचा की नाही, ते बायका कुठे आहेत हे बघून गाव सांगेल. आणि काठी उद्यापासून सुरू.

ठराव मी पुण्याला आणला. सरांनी तो नीट वाचला. "चांगला आहे," ते म्हणाले. "पण ही इशारा देण्याची योजना झाली. हा प्रयोग राहिला नाही. आपला फंड प्रयोगासाठी आहे." पावसाळ्याआधी पेट्या उतरवल्या. खांब तेवढे उरले. देवाजीभाऊंनी कळवलं की खांबांवर आता काकडीचे वेल चढवलेत.

मला दुसऱ्या पडद्यावर बसवलं आहे. तिथे धरणाच्या पाण्याची पातळी दिसते. पाणी चिठ्ठ्या काढत नाही. काम सोपं आहे आणि रात्री झोप येत नाही.

कारण पेट्या गोदामात नाहीत. त्या दुसऱ्या जंगलात गेल्या आहेत, जिथे परवानगी एका बैठकीत मिळाली आणि कोणी फार विचारलं नाही. कुठल्या गावांत, ते मला सांगत नाहीत. मी विचारलं. 'तुझा प्रोजेक्ट नाही,' असं उत्तर आलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. भोंगा तिथेही अधूनमधून गप्प राहत असणार. त्या गावात काठी असेल, तर ती कुठल्या कोपऱ्यात गेली असेल, ते मला माहीत नाही.

यातून मी शिकले ते एवढंच: लांबून चालवलेल्या प्रयोगात चालवणाऱ्याला सगळं दिसतं, फक्त फ्रेमच्या बाहेरचं दिसत नाही. आणि माणसं बहुतेक वेळा फ्रेमच्या बाहेरच राहतात.

म्हणून हे वाचणाऱ्याला एक विनंती आहे. तुम्ही जंगलालगत राहत असाल, किंवा तुमचं कोणी राहत असेल, आणि गावाच्या कडेला खांबावर अशी पेटी लागली असेल, तर येत्या ग्रामसभेत उभे राहा. ही पेटी कधी गप्प राहणार आहे आणि ते कोण ठरवतं, असं विचारा. उत्तर ठरावात लिहून घ्या. आणि उत्तर येईपर्यंत, पेटीवर विसंबून बायकांना जंगलात एकटं पाठवू नका.