मामांच्या गाडीचं पेडल

आमचे सिद्धोधनमामा गाडी अनवाणी चालवत. दार उघडायचं, चप्पल काढून सीटखाली सरकवायची आणि मगच पाय आत. कुणी हसलं की म्हणत, "इंजिन काय म्हणायलंय ते तळव्याला कळतंय. मधी चामडं कशाला पाहिजे?"

पूर्णा स्टेशनाबाहेर त्यांनी ती पांढरी डिझेल गाडी वर्षानुवर्षं भाड्यानं चालवली. आसपासच्या किती बाळंतिणी त्या गाडीतून परभणीच्या दवाखान्यात पोचल्या याचा हिशेब मामांनीही ठेवला नाही. पुढं ती बाळं मोठी होऊन रस्त्यात "रामराम", "जयभीम" करत, आणि मामा हळूच मला सांगत, "ह्याच्या आईनं माझं डोस्कं उठवलं होतं, मने. लय वरडत होती!"

गाडी मलाही त्यांनीच शिकवली, मी कॉलेजात असताना. "आधी चप्पल काढ." मी नाक मुरडलं होतं. पण ॲक्सिलरेटरच्या पेडलवर पाय ठेवला आणि खालून ती बारीक थरथर आली, तेव्हा मला एकदम कुणीतरी मोठं केल्यासारखं वाटलं. ते दिवस फार चांगले होते. तेव्हा मामा बाजूला बसलेले असले की मला कशाचीच भीती वाटायची नाही.

यंदा मे महिन्यात सुट्टीला मामांकडं गेले, तर अंगणातला रांजण फुटलेला आणि कुसुममामी भडकलेली. मामांनी गाडी दारातून बाहेर काढताना सरळ रांजणावर घातली होती.

"रांजणाचं जाऊ दे," मामी म्हणाली. "रोज सकाळी तिथं मी भांडे घासत बसते. आता अजून एकदा असं झालं की गाडी भंगारात. सांगून ठेवते."

"माझी चूक न्हाई," मामा म्हणाले. "पेडल ढिलं झालंय. पायाला लागतच न्हाई."

भंगार हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सूर्यभान मिस्त्रीला घरीच बोलावलं. दोघांची दोस्ती जुनी, भांडणंही जुनी.

सूर्यभान स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवा झाला. ॲक्सिलरेटरचं पेडल खरंच ढिलं होतं. पिनेवरचा नळीसारखा बुश झिजला होता आणि पेडल डुलत होतं. त्यानं नवा बुश बसवला, स्प्रिंग बदलली, हातानं दाबून पाहिलं. सोडलं की पेडल टपकन वर येत होतं. मामा लहान मुलासारखे खूश झाले. मामीकडं बघत त्यांनी चप्पल काढली आणि गावाबाहेर चक्कर मारून आले.

"अजून ढिलंच हाय," ते उतरत म्हणाले.

सूर्यभाननं पुन्हा आवळलं. मामा पुन्हा चक्कर मारून आले. पुन्हा तेच. आता सूर्यभान तापला. स्वतः गाडी फिरवून आला आणि म्हणाला, "घट्ट हाय, अण्णा. खामखा मला नावं ठेवू नका. बसा, माझ्या देखत दाबा."

मामा बसले. सूर्यभान दाराशी उकिडवा बसून त्यांच्या पायाकडं बघू लागला. मग त्यानं तो पाय हळूच हातात घेतला. पेडलखाली टाच टेकते तिथलं रबर कधीच फाटलं होतं आणि खालचा पत्रा उन्हानं, इंजिनानं चटका बसेल इतका तापला होता. मामांच्या टाचेला मोठा फोड येऊन फुटला होता.

"अण्णा, भाजलंय की. दुखत न्हाई?"

"कुठं?" मामांनी विचारलं.

मामीनं तोंडाला पदर लावला. मामांची साखर जुनी, आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. पाय बधिर झालाय, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मामा आपल्याच तळव्याकडं बघत राहिले. मला रडू आवरेना.

मामीनं धुतलेल्या धोतराची पट्टी सैलसर बांधली. परभणीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मामांनी किल्ली खिशातून काढली, मुठीत धरून ठेवली, मग माझ्यापुढं केली. मी सँडल काढून सीटखाली सरकवले. मामा पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीत मागं, मामीशेजारी बसले.

गाव मागं पडलं. मग मागून आवाज आला, "मने, लागतंय का पायाला?"

"लागतंय, मामा."

"मंग पेडल बराबर हाय," ते म्हणाले. सूर्यभानला उगाच बोललो, असंही पुटपुटले. थोड्या वेळानं पुढं वाकून त्यांनी माझ्या सीटवर हात ठेवला.

"कसं लागतंय, सांग की."

मी सांगू लागले. आता बारीक थरथरतंय. आता चढ आला, जड झालं. आता हलकं. आता पत्रा तापायलाय. मामा डोळे मिटून "हं, हं" म्हणत होते, आणि परभणी येईपर्यंत मी सांगत राहिले.