धाकटीचे उपास

न जेवणाऱ्या माणसाचा मला अजून राग येतो. आजाऱ्याचा नाही, गरिबाचा तर नाहीच. समोर ताट वाढलेलं, पोट खपाटीला गेलेलं, आणि वर गोड आवाजात "नको बाई, मले भूकच नाई" म्हणणाऱ्याचा. माझ्या धाकट्या जावेच्या तोंडून मी हे दोन वर्षं ऐकलं. कान किटले माझे.

ती आमच्या घरात आली तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता. समुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई लागली होती आणि तिचा पैसा आमच्या अमरावतीकडच्या काळ्या मातीत येऊन पडत होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, आमच्या गळ्यात पुतळ्यांच्या माळा आल्या. धाकटी अकोल्याची, अंगानं भरलेली, हसरी. लग्नानंतर बायकांच्या पहिल्याच पंगतीत तिनं तिसरी भाकर मागितली आणि मी म्हटलं, "जरा बेतानं बाप्पा, सासऱ्याच्या कोठीले भोक पाडतं का?" सगळ्या हसल्या, तीही हसली. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकते. पण मी एकटीही नव्हते. सासूबाई तिच्या रंगाला नावं ठेवत, नणंदा दंडाला चिमटे काढून मांस मोजत. पैसा आल्यापासून माणसं नव्या सुनेकडे बाजारातल्या बैलासारखं बघायला लागली होती.

त्या आषाढात तिनं नेम धरला. आमच्याकडे चातुर्मासात बाया काहीतरी खायचं सोडतात. कुणी कांदा, कुणी गूळ. चार महिने सोडायचं आणि कार्तिकात उद्यापन करून परत खायला लागायचं. मी दरवर्षी वांगं सोडते आणि कार्तिक आला की त्याच्यावर तुटून पडते. धाकटीनं आधी वांगं सोडलं, मग कांदा, मग भात, मग तूप. शेवटी मीठही सोडलं. भाद्रपदात धारणं-पारणं सुरू केलं, म्हणजे एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण. जेवणाच्या दिवशी अर्धी भाकर घेऊन तिचा चुरा करत बसायची. आमची भांडी घासून व्हायची तरी तिची भाकर संपत नसे. कार्तिक आला, आम्ही सगळ्या खायला लागलो. ती लागली नाही.

बरं, हिला बोलणार कोण? उपासाला कुणी नको म्हणतं का? सासूबाई तर हवेतच होत्या. "माही सून देवाची आहे," असं पाणवठ्यावर सांगत. ज्या शेजारणी तिला जाडी म्हणत होत्या, त्याच आता आपल्या पोरींना तिच्या पाया पडायला आणत. मी काही बोलले की, "तुले नाई जमत म्हणून जळतं का?" हे ऐकावं लागे. मला नाहीच जमत. मला भूक लागते.

आणि हीच बाई चूल सोडत नव्हती. आमरसासोबत खायला सरगुंडे करावेत तर तिनंच. एकेक शेवई काडीवर कशी गुंडाळायची, रस किती दाट, सगळं तिला ठाऊक. वाढून झालं की समोर बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची, घास गिळेपर्यंत. "आवडलं का? अजून घ्या ना." मला तो आग्रह सहनच होत नसे. मी एकदा पळी तिच्या हातातून ओढून घेतली आणि म्हटलं, "तू बसतं का आधी?" ती हसली आणि दुसरी पळी घेऊन आली.

वैशाखात, जीव नकोसा करणाऱ्या उन्हात, ती घोंगडी पांघरून बसायची. फणीत केसांचे पुंजके यायचे. मग महिन्याचं बाजूला बसणं थांबलं. सासूबाईंना वाटलं, गोड बातमी आहे, आणि त्या बाळंतविड्याच्या गोष्टी करायला लागल्या. तिचा नवरा, माझा दीर, महिन्यातले वीस दिवस कापसाच्या गाड्यांबरोबर बाहेर. पण मी तिला आंघोळीला पाणी देत होते, तिच्या पाठीचे मणके मला दिसत होते. हे बाळाचं लक्षण नाही, ही पोर आपल्या हातून जाते आहे, असं मी नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या कार्तिकात सासऱ्यांनी तोडगा काढला. थाटात उद्यापन केलं की नेम फिटेल, मग ती आपसूक जेवेल. सव्वाशे पानं उठली. एक पोर जेवत नाही म्हणून सव्वाशे माणसं पुरणपोळी ओरपून गेली, याला काय म्हणावं? आणि सगळं आटोपल्यावर तिनं भटजींसमोर हातात पाणी घेतलं आणि नवा संकल्प सोडला. वर्षभर धान्य वर्ज्य, नुसतं दूध. भटजींनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी मान डोलावली, अभिमानानं. मला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं, त्यांचं.

मग मीच अंगणात भटजींना गाठलं. आमच्यात एखाद्याला नेम झेपेनासा झाला की घरातलं दुसरं माणूस त्याच्या नावानं तो पुरा करू शकतं. सासऱ्यांची एकादशी त्यांच्या आजारपणात माझ्या नवऱ्यानं केली होती. भटजी समंजस होते, लगेच हो म्हणाले. मी तिचा नेम माझ्यावर घेतला आणि जिंकल्यासारखी घरात आले. म्हटलं, "तुहा नेम आता माह्याकडं आहे. वर्षभर दूध पीन मी. तू ऊठ, जेवाले बस."

तिचा राग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"कावून घेतला? माहा होता तो," ती म्हणाली. "लुगडं सासूबाई काढून देतात ते मी नेसतो. दागिने त्या घालतात, त्याच काढतात. माहेरी कधी जायचं ते मामंजी ठरवतात. एवढंच माहं होतं, बाई. तेबी घेतलं तुमी?"

"अवं, मरशीन."

"नाई मरत. मले हलकं वाटते. बरं वाटते."

दुसऱ्या दिवशी तिनं देवघरात एकटीनंच पाणी सोडून तोच नेम पुन्हा धरला. मला इतका संताप आला की मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. ते आठ दिवस मला आता परत हवे आहेत, पण कोण देतं?

माघात तिला साधा ताप आला. तिसऱ्या दिवशी ती गेली. तापाशी झगडायला तिच्यात काही उरलंच नव्हतं.

तेराव्याला बाया जमल्या. सासूबाई डोळे पुसत सांगत होत्या, "अन्नावर वासनाच नव्हती तिची. पुण्यवान जीव." गल्लीतल्या पोरी तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. त्यांत माझी दहा वर्षांची लेक. ती उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "माय, मी बी सोमवार धरू का?"

माझ्या हातात वाढायचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं.

"उपाशी मेली ती," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कोठ्या भरलेल्या घरात, आपल्या सगळ्याईच्या डोळ्यासमोर उपाशी मेली. पुण्यबिण्य काही नाई."

सासूबाई म्हणाल्या, "तोंड आवर." भरल्या घरात सून उपाशी मेली, हे कुणी बोलायचं नसतं. त्यानंतर वर्षभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

लेकीनं माझा पदर धरला होता. तिनं हळूच विचारलं, "पण काकूले भूकच नव्हती लागत ना?"

"लागत होती," मी म्हटलं. "तापात मलेच सांगितलं तिनं. रोज लागत होती."