काकूंच्या सोलोत घुसलेला सॅक्सोफोन

काकूंचा सोलो मी मोडला, हे आधीच कबूल करतो.

लातुरात दर रविवारी शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत आम्ही एकत्र जॅझ शिकतो. एकानं मनानं वाजवायचं, म्हणजे सोलो घ्यायचा, तेव्हा बाकीच्यांनी मागे राहायचं, एवढा साधा नियम. पण आम्ही सगळे भजनी मंडळातले. कुणी ओळ घेतली की बाकीचे ती उचलणारच. हा वर्ग मीच चालवतो; सांगून सांगून, ओरडून ओरडून मी वैतागलो होतो.

किराणा दुकानवाल्या काकू पेटीवर सोलो घ्यायला घाबरायच्या. परवा त्यांनी पहिल्यांदाच धीर केला. चार सूर वाजले नाहीत तोच मी ते सॅक्सोफोनवर दणक्यात उचलले.

काकूंनी भाता बंद केला. "तुमचंच चालू द्या भाऊ. मला दुकानात लई कामं हायेत."

"सवयीनं झालं हो, काकू."

"आम्ही केलं तर चूक, अन् तुम्ही केलं तर सवय?"

सगळे हसले. काकू मात्र निघाल्या. आता त्या परत यायच्या नाहीत, या धास्तीनं मी जिन्यापर्यंत मागे धावलो. पुन्हा सवयीचंच कारण ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

"काकू, चूक माझीच. तुम्हा सगळ्यांवर उगाच ओरडत आलो, तीही चूकच. माफ करा."