नाल्याच्या खालचं पाणी

पत्रकार मुलीनं बाटली आधी नदीच्याच पाण्यानं विसळली आणि मग भरली. सरकारी नोकरीत पाण्याचे नमुने घेताना मीही अगदी तसंच करायचो. फक्त मी कारखान्याच्या नाल्याच्या वरच्या अंगाला उभा राहायचो. तिथलं पाणी स्वच्छ असायचं, त्यामुळे अहवालही स्वच्छ यायचा.

"काका, इथं खाली का नाही आलात कधी?"

"इथं वास यायचा."

"तो गावालाही येतच होता की," ती बाटलीचं बूच लावत म्हणाली.

खोटं बोलायला शब्द लागतातच असं नाही. उभं राहायची जागा पुरते. मी चपला काढल्या आणि नाल्याच्या तोंडाखाली, त्या तांबूस पाण्यात उतरलो.

"फोटो इथंच काढ," मी म्हणालो, "आणि खाली माझं नाव पूर्ण छाप."